राक्षस, नाग आणि उलट्या पायांची हडळ : जगभर सारख्याच गोष्टी कशा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिकच्या पांडवलेणी, पंचवटी, टाकेद, वणी या भागात फिरायला येणारी मंडळी हमखास जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका दमात संपतात. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. इथे विषय एवढाच, की अशा गोष्टी तयार कशा होतात आणि दूरदूरच्या लोकांच्या तोंडी त्या सारख्याच का सापडतात.

सगळीकडचे अद्भुत प्राणी खरंच सारखे असतात, की आपल्याला तसं वाटतं?

काही असतात. काहींना आपण ओढूनताणून भाऊ-भाऊ करतो. चीनचा ड्रॅगन पाऊस देतो, नद्या सांभाळतो, त्याला मान असतो. युरोपातला ड्रॅगन आग ओकतो, लोकांना छळतो आणि शेवटी कुणाच्या तरी भाल्याने मरतो. चित्रं शेजारी ठेवली तर दोघे नातेवाईक वाटतात, गोष्टी ऐकल्या की ओळखसुद्धा दिसत नाही. उलट आपल्याकडचा गुप्तधनावर वेटोळं घालून बसलेला नाग आणि स्कँडिनेव्हियातला सोन्यावर लोळणारा ड्रॅगन फाफ्निर यांचं एका बैठकीत जमलं असतं. म्हणून नुसतं रूप पाहू नये. तो प्राणी गोष्टीत काय काम करतो ते पाहावं.

ठीक आहे, पण कारण काय? थोडक्यात सांगा.

थोडक्यात सांगायला गेलं की इथेच फसगत होते, कारण कारण एक नाही. माणसाचं मन आणि शरीर सगळीकडे सारखं, म्हणून भीतीही सारखी. सूर्य, पाणी, साप हे बहुतेकांच्या वाट्याला आलेले. व्यापारी, भिक्षू, सैनिक फिरत राहिले आणि गोष्टी त्यांच्याबरोबर फिरल्या. आणि काही समाजांचे पूर्वजच एक होते, तेव्हा गोष्ट वारशाने आली. प्रत्येक साम्यामागे यातली कोणती वाट आहे, हे वेगवेगळं तपासावं लागतं.

त्यासाठी माझी एक कसोटी आहे : दोन्हीकडे सारखा असलेला तपशील किती बिनकामाचा आहे? पाण्यात राहून पोरांना ओढणारी बाई दोन देशांत आपापली सुचू शकते, कारण पाणी बुडवतंच. पण आजच्या तुर्कस्तानात राहणाऱ्या प्राचीन हित्ती लोकांच्या कथेत इलुयांका नावाच्या महासर्पाला मेजवानीला बोलावून, भरपूर दारू पाजून, मग बांधून मारतात; आणि जपानमध्ये सुसानोओ हा देव आठ डोक्यांच्या ओरोचीला दारूचे आठ पिंप पाजून कापतो. सर्पाला मारण्याआधी दारू पाजणं काही अटळ नाही. असं काही सापडलं की कान टवकारावेत. या विशिष्ट साम्याबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही, पण शंका घ्यायला जागा आहे ती अशा ठिकाणी.

नाग जवळजवळ सगळ्या संस्कृतींत कसा?

कारण त्याला ओळखायला उशीर करणारे फार दिवस जगत नव्हते. माकडं आणि माणसं ज्या कुळातली, त्या प्राण्यांची नजर तीक्ष्ण होण्यामागे सापांचा मोठा हात आहे, असा सिद्धांत लिन इझबेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००६ साली मांडला. २०१७ च्या एका प्रयोगात सहा महिन्यांच्या बाळांना साप आणि मासे यांची चित्रं दाखवली, तर सापाच्या चित्रापाशी त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या जास्त मोठ्या झाल्या. त्या बाळांनी नागपंचमी पाहिली नव्हती की सर्पदंश. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार माणसं दगावल्याचा अंदाज आहे. मळ्यात रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्याला हा आकडा सांगावा लागत नाही.

पण भीती म्हणजे गोष्ट नव्हे. भीतीमुळे नाग लक्षात राहतो. तो पाऊस अडवतो, धन राखतो की पृथ्वी डोक्यावर घेतो, हे त्या त्या ठिकाणचे लोक ठरवतात. आणि न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचे साप नाहीतच, तरी तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या डोहांत तानिव्हा नावाचा जलराक्षस आहे. तेव्हा फक्त सापावर सगळा भार टाकता येत नाही.

इंद्राने वृत्राला मारलं आणि थॉर महासर्पाशी लढला. हा योगायोग आहे का?

बहुधा नाही. ऋग्वेदात इंद्र वज्राने अहीला, म्हणजे वृत्राला, मारून अडवलेलं पाणी मोकळं करतो. नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या, कथांत थॉर हातोडा घेऊन यॉर्मुनगांडर या महासर्पाशी भिडतो. ग्रीकांचा झ्यूस विजेने टायफॉनला पाडतो. इराणी परंपरेत थ्रएतओन तीन डोक्यांच्या अझी दहाकाला हरवतो, आणि आपल्याकडे त्रित तीन डोक्यांच्या विश्वरूपाला मारतो. या सगळ्यांच्या भाषा एकाच कुळातल्या. वारसा म्हणतात तो असा.

त्याच कुळातलं एक छोटं उदाहरण मला जास्त आवडतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाचे दोन कुत्रे येतात, चार-चार डोळ्यांचे. पारशी परंपरेत प्रेताला कुत्रा दाखवण्याच्या विधीतही कुत्रा चार डोळ्यांचा सांगितला आहे, म्हणजे भुवयांवर दोन ठिपके असलेला. असे कुत्रे आपल्या गल्लीतही असतात. मृत्यूच्या वाटेवर कुत्रा असणं कुठेही सुचेल, पण त्याला डोळे चार असणं हे घरातूनच आलेलं वाटतं.

आणखी मागे जाता येतं का?

मृगापर्यंत जाता येतं, म्हणजे आकाशातल्या. आपल्याकडे हरणाच्या रूपातल्या प्रजापतीला रुद्राने बाण मारला. त्या बाणाचे तीन तारे मृगाच्या पोटात दिसतात आणि मागे व्याध चमकतो. सैबेरियातले एवेंक लोक सप्तर्षींमध्ये शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला एल्क, म्हणजे मोठं हरीण, पाहतात. उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय लोकांना तिथेच अस्वल दिसतं आणि शरदातली पानं त्याच्या रक्ताने लाल होतात. ताऱ्यांच्या त्या ठिपक्यांत ना अस्वल आहे ना हरीण. ठिपक्यांकडे पाहून प्रत्येकाला शिकारच सुचावी, हे जरा जास्त होतं. फ्रेंच अभ्यासक ज्युलियाँ दुई यांनी जीवशास्त्रात वंशवृक्ष काढतात तशा पद्धतीने या कथांची मांडणी केली. त्यांच्या मते ही गोष्ट पंधरा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, आशिया आणि अमेरिका जमिनीने जोडलेले असताना, माणसांबरोबर पलीकडे गेली. या पद्धतीवर आक्षेप आहेत, पण कल्पना टाकाऊ नाही.

जटायूसारखे अजस्र पक्षी इतरांकडेही आहेत का?

भरपूर. अरबांचा रुख, इराणचा सिमुर्ग, उत्तर अमेरिकेतला गडगडाटी पक्षी, माओरींचा पोउआकाई. यातल्या शेवटच्याची कहाणी सगळ्यात पक्की आहे. न्यूझीलंडमध्ये सुमारे १५ किलोपर्यंत वजनाचा हास्ट गरुड खरोखर होता आणि माओरी तिथे पोहोचल्यानंतर काही पिढ्यांत तो नाहीसा झाला. माणसं उचलून नेणाऱ्या पक्ष्याची गोष्ट मागे राहिली.

आपल्याकडे इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला जटायू पडला असं मानतात. (आंध्रातलं लेपाक्षी आणि केरळातलं चडयमंगलम हीसुद्धा आपापला दावा सांगतात. भांडणात पडू नये.) नाशिककराला इतका मोठा पक्षी कल्पनेतून काढावा लागला नसेल. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आजही घरटी करतात. पंख पसरले की दोन मीटरहून जास्त भरतात आणि ती डोक्यावरून गेली की सावली आधी येते. १९९० च्या दशकात गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे देशातली गिधाडं झपाट्याने मेली, २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि हरसूलजवळ खोरीपाड्याला वन विभागाने गिधाडांसाठी खाद्य ठेवायची सोय केली.

जटायूचा भाऊ संपाती सूर्याच्या फार जवळ गेला आणि त्याचे पंख जळाले. ग्रीकांच्या इकारसचे मेणाचे पंख वितळले. इथे माझी कसोटी लावली तर मी उसनवारी मानणार नाही : उंच उडणाऱ्याला सूर्याने जाळणं, हे दुपारी बारा वाजता कुणालाही सुचेल.

मोठी हाडं सापडली म्हणून राक्षस जन्मले, हे खरं का?

काही ठिकाणी नक्की. ऑस्ट्रियात क्लागेनफुर्टच्या चौकात सोळाव्या शतकाच्या शेवटी घडवलेला ड्रॅगन आहे; त्याचं डोकं तिथे सापडलेल्या कवटीवरून केलं आणि ती कवटी हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची निघाली. चीनमध्ये जीवाश्म 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधाच्या दुकानात विकले जात, आणि १९३५ साली फॉन कोनिग्सवाल्ड यांना हाँगकाँगच्या अशाच दुकानात एका प्रचंड वानराचा दात मिळाला. ते वानर म्हणजे जायगँटोपिथेकस. आपल्याकडे शिवालिकच्या डोंगरात १८३० च्या दशकात फाल्कनर आणि कॉटली यांना महाकाय कासवाचे अवशेष मिळाले. गरुडाने भांडणारे हत्ती आणि कासव पंजात धरून नेले ही महाभारतातली कथा आणि कूर्मावतार, या दोन्हींशी त्या कासवाचा संबंध असेल का, याची चर्चा त्यांनी स्वतःच केली होती.

सगळीकडे मात्र हे चालत नाही. एकच डोळा असलेल्या सायक्लॉप्सचा उगम भूमध्य समुद्रातल्या बेटांवरच्या खुज्या हत्तींच्या कवट्यांत आहे, असं ओथेनियो आबेल यांनी १९१४ साली सुचवलं. हत्तीच्या कवटीत सोंडेसाठी मधोमध मोठं भोक असतं, ते डोळ्याची खोबण वाटलं असेल. सुरेख कल्पना. पण आपल्या निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरलाही गोदावरीच्या गाळात प्राचीन महाकाय हत्तीचे अवशेष मिळाले आणि पिलग्रिम यांनी १९०५ साली त्यांची नोंद केली. मग इकडे एकाक्ष राक्षसांची फौज का नाही? मला वाटतं, कारण साधं आहे : इथल्या माणसाने हत्ती पाहिलेला होता. हाड ओळखीचं असेल तर राक्षस जन्मत नाही. ग्रिफिन हा गरुडमुखी सिंह गोबीतल्या डायनोसॉरच्या सांगाड्यावरून सुचला, हे एड्रियन मेयर यांचं मतही बरंच गाजलं. २०२४ मध्ये मार्क विटन आणि रिचर्ड हिंग या जीवाश्मतज्ज्ञांनी ते पुराव्यानिशी खोडून काढलं. दोन खऱ्या प्राण्यांचे अवयव जोडायला माणसाला सांगाडा लागत नाही.

गोष्टी व्यापाऱ्यांबरोबर फिरल्या म्हणता, याला नाशिकमध्ये काही पुरावा आहे?

गोष्टी फिरल्याचा थेट नाही. माणसं फिरल्याचा आहे आणि तो दगडात आहे. पांडवलेणीतलं १७ नंबरचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या माणसाने कोरवून घेतलं. शिलालेखात तो स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा यवन म्हणवतो. वडिलांचं नाव धर्मदेव. ग्रीक वंशाचा माणूस, भारतीय नाव, बौद्ध दान, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, त्रिरश्मी डोंगरावर. भडोच-सोपाऱ्याच्या बंदरांकडून घाट चढून पैठणकडे जाणारा माल या टापूतून जाई. तांडा रात्री मुक्कामाला थांबला की शेकोटीशी काय बोलत असतील, हे सांगायला नको.

तिथेच तीन नंबरच्या लेण्यापाशी थोडं थांबा. ओसरीच्या खाली सहा दांडगे गण, अर्धे जमिनीबाहेर, खांद्यावर सगळ्या लेण्याचा भार घेऊन उभे आहेत. ग्रीक मंदिरांतही असे भारवाही राक्षस असतात आणि गांधारच्या स्तूपांखालचे तर ग्रीक अ‍ॅटलासवरूनच आलेले आहेत. नाशिकचे? भारवाही यक्ष आपल्याकडे भारहुत-सांचीपासून आहेत. मी निकाल देणार नाही.

लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, असं आजी सांगायची. ही गोष्टही बाहेर आहे का?

आहे, आणि कोंबड्यासकट आहे. आपल्याकडे कुठल्याही जुन्या देवळाचा कळस अपुरा असला की 'कोंबडा आरवला आणि काम राहिलं' हे ठरलेलं. जावा बेटावर प्रंबानन मंदिराची कथा ऐका : राजकुमारीशी लग्न करायचं तर एका रात्रीत हजार मंदिरं बांध, ही अट. भुतांच्या मदतीने ९९९ झाली. तेवढ्यात राजकुमारीने बायकांना भात कांडायला बसवलं, पूर्वेला जाळ केला, कोंबडे फसून आरवले आणि भुतं पळाली. ग्रीसमध्ये मायसिनीच्या दगडी भिंती सायक्लॉप्सनी रचल्या असं मानत. बांधणाऱ्यांची आठवण पुसली गेली की काम राक्षसांच्या नावावर जमा होतं, हे कुठेही आपोआप घडेल. कोंबड्याच्या तपशिलाबद्दल मात्र मला जावा आणि भारत यांच्यातल्या जुन्या ये-जेची शंका येते.

राहू सूर्याला गिळतो, तसं इतर कुणी मानतं?

चीनमध्ये आकाशातला कुत्रा किंवा ड्रॅगन, नॉर्स कथांत लांडगा, कोरियात आगीचे कुत्रे, फिलिपिन्समध्ये बाकुनावा नावाचा महासर्प. थाळीचा घास घेतल्यासारखा कडेचा तुकडा जातो, तर कुणीतरी खातंय हे आलंच. यासाठी कुणाकडून काही शिकावं लागलं नाही. बऱ्याच ठिकाणी लोक आवाज करून त्या प्राण्याला पळवतात. आपल्याकडची 'दे दान, सुटे गिऱ्हाण' ही हाक जरा व्यवहारी : हुसकावण्यापेक्षा देऊन टाकावं.

हडळीचे पाय उलटे. बाकी जगात असं कुणी आहे?

माझी कसोटी अडखळते ती इथे. ब्राझीलच्या जंगलातला कुरुपिरा उलट्या पायांचा आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकातली सिगुआपा ही लांब केसांची बाई उलट्या पायांची आहे. रोमन लेखक प्लिनीने हिमालयाच्या बाजूला उलट्या पायांची माणसं राहतात असं लिहून ठेवलंय. तपशील इतका विचित्र, की उसना असला पाहिजे. पण कुरुपिराची आणि हडळीची भेट कुठे झाली असणार?

दोन उत्तरं एकत्र घेतली तर थोडं पटतं. पहिलं पास्कल बॉयर यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञांचं : जी कल्पना जवळजवळ नेहमीची आणि एकाच ठिकाणी बिघडलेली असते, ती सगळ्यात जास्त लक्षात राहते. दहा ठिकाणी बिघडलेला प्राणी ऐकणारा विसरतो. माणूसच, फक्त पाय उलटे, हे लहान पोरही विसरत नाही. दुसरं, रानात फिरणारा माणूस जगतो तो माग काढून. ज्याचा माग उलट दिशेला नेतो, त्याच्याइतकं धोक्याचं रानात काही नाही. कुरुपिरा शिकाऱ्यांना असाच चकवतो. आपल्याकडे आणखी एक धागा आहे : मेलेल्यांसाठी करायचं ते रोजच्या उलट. श्राद्धात जानवंसुद्धा अपसव्य करतात. मेलेल्या बाईचे पाय सरळ राहिले असते तरच नवल.

साती आसरा?

विहिरी, डोह, नदीकाठ इथल्या सात जणी. मान दिला तर राखतात, नाही तर ओढतात. स्लाव्ह लोकांची रुसाल्का, जपानचा काप्पा, मेक्सिकोत पाण्याकाठी रडत फिरणारी ल्योरोना, ऑस्ट्रेलियाचा बनयिप ही सगळी त्याच खात्यातली. पोहता न येणाऱ्या पोराला डोहापासून लांब ठेवायला सूचनाफलकापेक्षा आसरा जास्त उपयोगी पडली असणार.

बकासुराची गोष्ट सेंट जॉर्जच्या ड्रॅगनसारखी वाटते. बरोबर का?

बरोबर हेरलंत. एकचक्रा नगरीत रोज पाळी लावून गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस बकासुराकडे जायचा. (जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल हीच एकचक्रा, असं तिथे मानतात.) तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या सेंट जॉर्जच्या कथेत आधी मेंढ्या, मग चिठ्ठ्या टाकून मुलं, शेवटी राजाच्या मुलीची पाळी. क्रीटच्या मिनोटॉरला अथेन्सहून सात मुलगे आणि सात मुली जात. राक्षसाशी गावाने केलेला करार, ठरलेली पाळी, आणि पाळीच्या दिवशी बाहेरून आलेला वीर, हा सांगाडा युरोप-आशियात फार ठिकाणी आहे.

फरक पाहा म्हणजे गंमत कळते. तिकडचा वीर राजकन्येसाठी लढतो. आपला भीम आधी बकासुरासमोर बसून गाडाभर भात स्वतः संपवतो.

महिषासुर म्हणजेच मिनोटॉर का?

नाही. मिनोटॉर चक्रव्यूहासारख्या वाड्यात कोंडलेला बैलमुखी माणूस. महिषासुर रूपं बदलणारा, मोकळा, देवांना हरवणारा. त्याच्यामागे इथली म्हैस आणि देवीपुढच्या रेड्याच्या बळीची प्रथा आहे. वणीच्या परिसरात डोंगराला आरपार पडलेलं नेढं देवीच्या प्रहाराने पडलं असं सांगतात. हा पुरता इथला माल आहे.

माणसाचा वाघ होतो ही समजूत आदिवासी भागापुरतीच आहे?

मुळीच नाही. युरोपात माणसाचा लांडगा होतो, मलायात वाघ, इथियोपियात तरस, आणि प्राचीन मेक्सिकोच्या शिल्पांत माणूस आणि जॅग्वार एकमेकांत मिसळलेले दिसतात. कल्पना एक, प्राणी मात्र ज्याच्या-त्याच्या रानातला सगळ्यात भयंकर. कार्ल युंग म्हणायचे की अशा प्रतिमा साऱ्या मानवजातीच्या सामायिक अबोध मनात असतात. मला ते अर्धवट वाटतं. मनातूनच सगळं आलं असतं तर लांडग्याच्या जागी वाघ कुणी बसवला?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य असतो. निफाडच्या उसात बिबट्या पिल्लं घालतो आणि पहाटे दूध घालायला निघालेला माणूस बॅटरी मारत जातो. वाघाला देव मानणं हे भाबडेपण आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या वेळी तिथून चालावं.

झोपेत छातीवर कुणीतरी बसतं, हलता येत नाही. हे भूत सगळीकडे आहे का?

सगळीकडे. जपानमध्ये कानाशिबारी, तुर्कस्तानात काराबासान, न्यूफाउंडलंडला म्हातारी हडळ. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू बंद ठेवतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. अनुभव शरीराचा, नाव गावाचं.

मग यातला एखादा प्राणी खरा असू शकतो का?

हिमालयातल्या यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने २०१७ मध्ये डीएनए तपासून पाहिले. आठ अस्वलाचे निघाले आणि एक कुत्र्याचा. युरोपात शृंगाश्वाचं, म्हणजे एकशिंगी घोड्याचं, शिंग म्हणून सोन्याच्या भावाने विकला जाणारा दात नारव्हाल या देवमाशाचा आहे, हे ओले वर्म यांनी १६३८ मध्ये दाखवून दिलं. त्यानंतरही ती शिंगं विकली जात होतीच.

नाशिक परिसरात हे कुठे पाहायला मिळेल?

पांडवलेणीसाठी सकाळची वेळ धरा. ३ नंबरचे गण आणि १७ नंबरचा शिलालेख चुकवू नका. सिन्नरच्या गोंदेश्वराला जाऊन देवळावरची शिल्पं निवांत पाहा. टाकेद एका दिवसात होतं. अंजनेरीला दुर्बीण न्या, गिधाडांच्या कड्याजवळ आरडाओरडा नको.

आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आदिवासी पाड्यांवर बोहाडा पाहा. संबळाच्या तालावर रात्रभर देव-राक्षसांची सोंगं नाचवतात आणि या पानावरचे निम्मे प्राणी तुमच्यासमोर येतात. तारखा गावागणिक वेगळ्या असतात, त्यामुळे आधी गावात विचारून जा. मुखवटा चढवलेल्या माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारू नका, त्याला त्या छिद्रांतून आधीच कमी दिसत असतं.